मिनी-ड्राफ्टर

प्रिय बाळ्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. फोन केले तेही तूच. रागावला असशील तर रागाव, तुझा हक्क आहे. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर गोळीवर ठीक. पण काल रात्री जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

पोरगी माळ्यावरून मिनी-ड्राफ्टर घेऊन खाली आली. तोच ड्रॉइंगच्या पट्ट्यांचा, परेल डेपोत एसटीच्या खिडकीतून तू माझ्या मांडीवर ठेवलेला. "बाबा, ह्यो कोणाचो?" तिला यातलं काहीच माहीत नव्हतं रे. मी डिप्लोमाला मुंबईला गेलो होतो, चार महिन्यांत परत आलो, हे मी तिला अठरा वर्षांत सांगितलेलं नाही. अर्धंमुर्धं सांगितलं आणि फवारणीचा पंप बघायला म्हणून उठलो. अंधारात कसला पंप!

तिचं जर्मनीचं तुला थोडं ठाऊक आहेच. आपल्या बारावीवर तिथलं विद्यापीठ सरळ घेत नाही. आधी एक वर्ष, म्हणजे दोन सेमिस्टर, श्टुडिएनकोलेग, परदेशी पोरांची तयारीची शाळाच म्हण. इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांचा टी-कोर्स असतो. गणित, भौतिकशास्त्र, जर्मन आणि कितीतरी ठिकाणी टेक्निकल ड्रॉइंगसुद्धा. म्हणूनच ती पट्ट्या शोधायला माळ्यावर चढली होती. शेवटी जी परीक्षा असते तिचं नाव फेस्टश्टेलुंग्सप्रुफुंग. आई म्हणाली, "ह्या नाव घेवकच एक वरीस लागात." खूप दिवसांनी घर हसलं.

घरात मात्र सगळ्यांचं एकच, वर्ष फुकट. बायको म्हणते, बारावी झाली ना, मग परत बारावी कशाला? भावोजींनी एक एजंट आणला होता, त्याने इंग्लंडच्या फाउंडेशन इयरचं चकचकीत पुस्तक दिलं. तिथली पोरं तेरा वर्षं शिकून ए-लेव्हल देतात, आपली बारा, तो फरक त्या वर्षात भरून काढायचा, इथवर ठीक. पण फी ऐकून मी गार. वर ते वर्ष पास झाल्यावर दुसऱ्या विद्यापीठाने ते मानलं नाही तर काय, विचारलं तर विषय बदलला. जर्मनीत बहुतेक सरकारी कोलेगना शिकवणीची फी नाही, सेमिस्टरची किरकोळ रक्कम भरायची. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीकच काढता येतात अशा, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. बारा लाखांच्या घरात गेले. वरच्या कातळावरची कलमं गहाण टाकतोय. हे अजून घरात बोललो नाही.

तिसरी वाटही आहे. इथेच पदवीचं पहिलं वर्ष नीट पास करायचं आणि त्याच विषयाला तिकडे थेट अर्ज करायचा. बायकोला ती पटते. मला नाही पटत, आणि का ते तुलाच सांगू शकतो.

१९९४ आठव. शाळेत गणितात मी पहिला, तू दुसरा (हे तू अजून मान्य करत नाहीस). डिप्लोमाच्या पहिल्या आठवड्यात सर पॅरललोग्राम म्हणाले आणि मी शेजारच्याला विचारलं, काय म्हणाले? समांतरभुज चौकोन रे! त्याचे सगळे गुणधर्म मला झोपेत येत होते. तेव्हा कुणी एक वर्ष नुसतं भाषेला आणि सवयीला दिलं असतं तर? तू नानांना, माझ्या वडिलांना, पत्रात नेमकं तेच लिहिलंस. मी तुला चुगलखोर म्हटलं आणि दोन वर्षं बोललो नाही. तुझं बरोबर होतं. एकतीस वर्षं लागली हे लिहायला.

म्हणून ते वर्ष मला तिच्यासाठी हवं आहे. भीती दुसरीच आहे. कोलेगमध्ये शिरायलाच परीक्षा, तीही बहुतेक ठिकाणी तिकडे जाऊन. जर्मनच्या पेपरात उतारा देतात आणि एकाआड एक शब्दांचा मागचा अर्धा भाग खाल्लेला, वाळवी लागल्यासारखा. तो भरायचा. गणितही अनेक ठिकाणी कॅल्क्युलेटरशिवाय. नापास झाली तर त्याच बॅगेसकट परत. आणि शेवटच्या परीक्षेत नापास झाली तर ती पुन्हा एकदाच देता येते. मी आलो तेव्हा नाना काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी मोहोरावर फवारणीला घेऊन गेले. तो दिवस मला पुरून उरला. तिला कुणी असं गप्प राहून घरात घेतलेलं मला बघवणार नाही.

तुझ्या नव्या फ्लॅटचं ऐकलं, अभिनंदन. वहिनींच्या आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? मुलाचं लग्न ठरलं की आधी मला.

आता काम. येत्या गुरुवारी तिची जर्मनच्या बी-२ पातळीची परीक्षा पुण्यात मॅक्स म्युलर भवनला. चार भाग, प्रत्येकात साठ टक्के हवेत. बी-१ ला ऐकण्यात ६२ वर निसटली होती. तीन दिवस तुझ्याकडे राहील. सोबत आंब्याची साठं पाठवतोय, आणि मिनी-ड्राफ्टरही. त्याचा स्क्रू अडकलाय, तुला जमेल.

ती तुला विचारणार, बाबा परत का आले. टाळू नकोस. हॉस्टेलच्या जिन्यावर मी रडलो तेही सांग, नानांना लिहिलेल्या पत्राचंही सांग. माझ्याने पुढचं सांगवलं नाही.

तुझा,
दाद्या