मंगोल रस्त्यांवरचे कैदी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मंगोल साम्राज्यावरचा लेख वाचला. डाकचौक्या, व्यापाऱ्यांना मिळालेले संरक्षण, चीन ते इराण खुला झालेला मार्ग, हे सगळे खरेच आहे. पण डोक्यावर सोन्याचे ताट घेऊन कोणीही पूर्वेकडून पश्चिमेकडे निर्धास्त जावे, हे लेखात दिलेले वाक्य मध्य आशियातल्या खिव्याच्या अबुल गाझी खानाचे आहे. तो 17व्या शतकातला आणि चंगीझखानाच्याच वंशातला. त्याच रस्त्यांनी हाकत नेलेली माणसे मात्र लेखात कुठेच दिसली नाहीत, याचे फार वाईट वाटले.

रुब्रुकचा विल्यम हा फ्रान्सिस्कन साधू 1253-54 मध्ये मंगोल सम्राट मोंगके खानाच्या छावणीत राहिला. तिथे त्याला लोरेनमधल्या मेत्सची पाकेत नावाची बाई भेटली. मंगोलांनी तिला हंगेरीत पकडले होते. छावणीत येण्याआधी किती हाल सोसले, ते तिने त्याला सांगितले. आता पदरी तीन लहान मुले होती, नवरा रशियन, घरे बांधणारा. मंगोलांची राजधानी काराकोरम इथे गियोम बुशे हा पॅरिसचा सोनार होता, तोही बेलग्रेडमध्ये धरलेला. त्याने खानासाठी चांदीचे झाड घडवले: मुळाशी चार सिंह, त्यांच्या तोंडातून घोडीचे दूध, वर नळ्यांतून चार प्रकारची पेये, शेंड्यावर तुतारी घेतलेला देवदूत. या झाडाचे कौतुक जगभर होते. ते घडवणारा तिथे कसा पोहोचला, हे सांगायला जागा का उरू नये?

1220 मध्ये समरकंद पडल्यावर 30,000 कारागीर चंगीझखानाच्या मुलांना आणि नातलगांना वाटून दिले, असे इराणी इतिहासकार जुवैनी लिहितो, आणि तो मंगोलांच्याच चाकरीतला. मर्वमध्ये 13 लाख मेले हा त्याचा आकडा अभ्यासक फुगवलेला मानतात, ते मान्य. पण बगदादमध्ये दोन लाखांहून जास्त माणसे मारली, हे ती मोहीम चालवणाऱ्या, चंगीझखानाचा नातू असलेल्या खुद्द हुलागूने 1262 मध्ये फ्रान्सच्या नवव्या लुईला पत्रातून कळवले होते. इराणमधल्या मराघाची वेधशाळा लेखकाने याच हुलागूच्या नावे जमा केली आहे. तिचा प्रमुख, खगोलशास्त्रज्ञ नसीरुद्दीन तुसी 1256 मध्ये इस्माइली या शिया पंथाचे किल्ले पडले तेव्हा हुलागूच्या हाती लागला, हेही सोबत यायला हवे होते.

आपल्याकडचे उदाहरण तर घरचेच आहे. 1285 मध्ये मुलतानजवळच्या लढाईत दिल्लीचा सुलतान बल्बन याचा मुलगा मुहम्मद मारला गेला आणि त्याच्या पदरी असलेला कवी अमीर खुसरो मंगोलांचा कैदी झाला. पुढे तो सुटला म्हणून त्याचे हाल त्याच्याच शब्दांत आपल्यापर्यंत आले. बहुतेकांचे तेवढेही नशीब नव्हते.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात पाकेत, बुशे आणि समरकंदच्या कारागिरांना निदान दोन परिच्छेद द्यावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा