फी भरण्याआधी एवढं बघा

महोदय,

मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल आल्यापासून नागपुरात आयटी सर्टिफिकेशनच्या क्लासचे फलक जिकडेतिकडे दिसतात. सर्टिफिकेट कामाचं आहेच; साध्या बीएस्सीवाल्या पोराचा बायोडाटा सीसीएनएमुळे (नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) निदान विचारासाठी बाजूला तरी काढला जातो. पण सीसीएनएची मुदत ३ वर्षांचीच. मायक्रोसॉफ्टची बरीच सर्टिफिकेटं तर दरवर्षी नूतनीकरण मागतात (ते ऑनलाइन, फुकट होतं, हे क्लासवाले क्वचितच सांगतात!). माझ्या भाच्याने प्रश्न घोकून परीक्षा पास केली. मुलाखतीत सबनेटिंगचं (एका नेटवर्कचे छोटे भाग पाडण्याचं) गणित दिलं, तर कागद कोराच. संगणकावरच नेटवर्क जोडण्याचा सराव करायचं सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. क्लासमध्ये मुलं त्यावर स्वतः नेटवर्क जोडतात का, हे पालकांनी आधी जाऊन बघावं.

– एक वाचक, मानेवाडा, नागपूर