लिहिणाऱ्या बाईलाच दोष कशासाठी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

समाजमाध्यमांवरच्या फसवणुकीविषयीचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला आणि फार संताप आला. बायकांनी मनातलं फेसबुकवर मांडूच नये म्हणजे प्रश्न मिटला, असा त्याचा सूर आहे. हेच मी पोलीस ठाण्यात उभं राहून ऐकलेलं आहे.

माझे दीर गेल्यावर जाऊ फेसबुकवर लिहू लागली. गॅसचं बुकिंग दिरांच्या नंबरवर. सिलिंडर घेऊन आलेला पोऱ्या दारात ओटीपी मागतो आणि तो फोन कपाटात बंद पडलेला. बँकेत या खिडकीवरून त्या खिडकीवर. हे सगळं तिने घडलं तसं लिहिलं. खाली कितीतरी जणींनी आपापले अनुभव सांगितले. मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती काढून ठेवायच्या, कुठला अर्ज कुठे द्यायचा, हे तिला घरातल्या पुरुषांनी नाही, त्या अनोळखी बायकांनी सांगितलं. त्या दिवसांत ती जेवायला लागली ती त्यांच्यामुळे, असं मी स्पष्ट म्हणेन.

तेच दुसरंही कुणी वाचत होतं. ‘ताई, एजन्सीतून बोलतोय, कनेक्शन तुमच्या नावावर करून देतो,’ असा फोन आला. दिरांचं नाव, ते गेल्याची तारीख, सगळं त्याला ठाऊक. व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये अॅप बसवणारी फाइल, आली, तिने ती उघडली आणि संध्याकाळपर्यंत बचत खातं रिकामं झालं.

पोलीस ठाण्यातल्या अंमलदारांनी तिची पोस्ट शेवटपर्यंत वाचली, शेजारच्या हवालदाराला दाखवली आणि म्हणाले, ‘वहिनी, घरातलं चव्हाट्यावर मांडलंत तर दुसरं काय होणार?’ मग, पीआय साहेब नाहीत, उद्या या. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक (पीआय) करतात हे खरं, पण तक्रार लिहून घ्यायला निरीक्षक लागत नाहीत. आत्ताच्या आत्ता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन लावा, एवढं तरी सांगायचं होतं. पैसे पुढच्या खात्यात गोठवण्यासाठीच ती सोय आहे आणि तिथे पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. आपल्या पानभर लेखातही तो क्रमांक कुठे नाही.

जावेने सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. त्या बायकांनी लिहिलेलंही त्याबरोबर गेलं.

लिहिणाऱ्यांना धाक घालायला मात्र यंत्रणेला वेळ लागत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका पोस्टवरून अटक झाली. त्यांतली एक तर नुसती लाइक करणारी. त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा सांगणारं कलम, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, तरी त्याखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं आणि २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं.

काय लिहू नये ते जरूर सांगा. ग्राहक क्रमांक, मुलांची शाळा, घर कधी बंद असणार, हे लिहू नका म्हणा. पोस्ट कुणाला दिसावी ते कुठे ठरवायचं, मित्रयादी कशी लपवायची, ते चित्रासकट छापा. अनोळखी माणसाने पाठवलेली एपीके फाइल उघडू नका, हे मोठ्या अक्षरांत छापा. पण दुःख लिहू नका, हे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या अंकात दशक्रियेच्या जाहिराती येतात. त्यांत घराचा पूर्ण पत्ता, घरच्यांचे मोबाइल नंबर आणि विधीची वेळ असते. म्हणजे सगळं घर नदीकाठी कधी असेल हेही छापून येतं. दिरांची जाहिरात देताना मोबाइल नंबराशिवाय अर्ज घेतला जात नाही, असं आपल्या जाहिरात विभागाने आम्हाला सांगितलं आणि जावेचा नंबर छापला. तिच्या एकाही पोस्टमध्ये तो नंबर नव्हता. त्या माणसाला तो कुठून मिळाला असेल, याचा विचार आपण करावा. नंबर छापण्याची ही सक्ती काढून टाकावी आणि कालचा लेख ज्या जागी होता तिथेच १९३० ठळकपणे छापावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा
(जावेची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं नाव छापू नये.)