पारव्याला ग्रे म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पहिल्या पानावर दादर चौपाटीचा पावसाआधीचा फोटो आला होता, इतका छान की मी तो कापून ठेवलाय, पण खाली ओळ काय तर 'मुंबईवर ग्रे ढग'. ते वाचून फार वाईट वाटलं म्हणून हे पत्र. त्या रंगाला मराठीत पारवा म्हणतात. माझी आजी अंगणात पापड घातले की सारखी वर बघायची आणि ओरडायची, "आभाळ पारवं झालं गं, वाळवण आत घ्या." आभाळ काळं झालं म्हणजे पाऊस आलाच, पण पारवं झालं म्हणजे अजून थोडा वेळ हातात आहे, पापड उचलायला तेवढा पुरायचा. ग्रे म्हटल्यावर यातलं काय कळतं सांगा?

लोक म्हणतात राखाडी आहे की मग. पण राखाडी वेगळा, तो चुलीतल्या राखेचा, कोरडा, पांढऱ्याकडे झुकणारा. धुरकटमध्ये मळकेपणा येतो. पारव्यात निळा असतो आणि अगदी कडेला जरासा जांभळा, त्यामुळे तो कायम ओलसर वाटतो. एकदा हा शब्द डोक्यात बसला ना की सगळीकडे दिसायला लागतो. पहिली सर येऊन गेल्यावरचा डांबरी रस्ता पारवा, नदीच्या घाटाची ओली पायरी पारवी (आपला काळा दगड भिजला की तसाच दिसतो), पहाटे पहिल्या लोकलच्या खिडकीतून दिसणारी खाडी पारवी, काळी द्राक्षं आणली की त्यावर पांढुरकी पावडर असते ती बोटाने पुसायच्या आधीचा रंग पारवा, आणि माझी मुलगी म्हणते नाचणीचं आंबील पण, तर मी म्हटलं हो, पण तांबूस पारवं म्हण. बाजारात सुरमई घेताना तिची पाठ बघा. आता सुरमई हे नावच रंगावरून आलंय, सुरम्याच्या रंगाची ती सुरमई, आपण रोज मासळीवालीकडे रंगाचं नाव घेतो आणि आपल्याला माहीतही नसतं. कबुतराचंही तेच, फारसीत कबूद म्हणजे निळसर करडा आणि कबूतर हा शब्द त्याच घरातला. पारवा मात्र आपला, संस्कृतातल्या पारावतापासून, म्हणजे कबुतरापासूनच आलेला.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा तुमच्याकडे किती पत्रं आली, सगळी दाण्यांवर आणि फुप्फुसाच्या आजारांवर. ते बरोबरच आहे, मी स्वतः दाणे टाकायच्या विरोधात आहे. पण त्या सगळ्या भांडणात त्या पाखराकडे नीट बघा असं कोणी लिहिलं नाही. अंग पारवं, पंखावर दोन काळे पट्टे, आणि मानेवर जी हिरवी जांभळी झाक असते तो रंग लावलेला नसतोच, पिसाच्या पातळ थरांवरून उजेड परत येताना ती तयार होते, म्हणून मान वळली की हिरव्याचं जांभळं होतं.

दोन आठवड्यांपूर्वी बाल्कनीची भिंत रंगवायची म्हणून दुकानात गेले आणि पारवा द्या म्हटलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला मॅडम नंबर सांगा. शेड कार्ड उघडलं, नुसते ग्रेच पानंच्या पानं, सगळी नावं इंग्रजी, आणि त्यातला एकही तो नाही. मग मी घरी आले, बाल्कनीत पडलेलं कबुतराचं पीस कागदात गुंडाळलं आणि परत गेले. तो मुलगा चांगला, हसला नाही. पीस दारात उजेडात नेलं, कार्डावर ठेवून बघितलं, मशीनवर तीनदा थोडं थोडं करून निळा वाढवला, शेवटी एक थेंब जांभळा टाकला आणि जमलं. डब्यावर त्याने मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं, पारवा. म्हणाला, आमच्या गावाकडे पण म्हणतात पण इथे कोणी मागत नाही.

कोणी मागत नाही कारण कुठे छापूनच येत नाही, आणि यात तुम्ही काहीतरी करू शकता म्हणून तुम्हाला लिहितेय. नवरात्रात तुम्ही नऊ रंगांची यादी देता, अख्खी लोकल त्या रंगात दिसते, ऑफिसात बायका ग्रुप फोटो काढतात, एवढी ताकद आहे त्या यादीत. त्यात मोरपंखी असतो आणि मोरपंखी म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, लहान मुलींनाही कळतं. पण ग्रेचा दिवस आला की तुम्ही ग्रे लिहिता, फार तर राखाडी. यावर्षी तिथे पारवा छापा ना. पहिल्या वर्षी कंसात राखाडी लिहा हवं तर, माझी हरकत नाही. साडीच्या दुकानातल्या जुन्या माणसांना विचारा, ते लगेच बरोबर थान काढून दाखवतील.

बाल्कनीला रंगाचा एक हात झालाय, दुसरा या रविवारी. वाळला की फोटो पाठवते, छापलात तर प्लीज रंगीत पानावर छापा, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये त्यातला निळा निघून जातो.

आपली रोजची वाचक,
डोंबिवली पूर्व