नावे न घेता आभार
गेल्या वर्षी मला स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा बडोद्यातील आम्हा घरच्यांना केमोथेरपी लवकर सुरू करण्याची एकच घाई होती. केमोथेरपीतील सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधाने बीजांडांचा साठा कायमचा घटू शकतो, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. 'पुढे मूल हवे असेल, तर पहिल्या डोसआधीच डॉक्टरांना विचारा,' असे केसपेपर लावता लावता हळूच सांगणाऱ्या परिचारिकाताईंची मी आजन्म ऋणी आहे. बीजांडे गोठवण्यासाठी पाळीची वाट पाहावीच लागते असे नाही, साधारण २ आठवडे पुरतात आणि बीजांडे वाढवणाऱ्या इंजेक्शनांबरोबर लेट्रोझोल हे औषध देऊन इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटोक्यात ठेवता येते, हे मला त्यानंतरच कळले.

ती इंजेक्शने रोज ठरल्या वेळी टोचायला दांडिया बाजारातील आमचे तीन जिने चढून येणाऱ्या निवृत्त नर्सकाकू, तसेच नेमका त्याच आठवड्यात आमचा फ्रिज बंद पडल्यावर श्रीखंडाच्या डब्यांशेजारी औषधांना जागा देणारे डेअरीवाले काका (औषध कसले, हेही त्यांनी विचारले नाही), या दोघांचे मनापासून आभार.

माझी बीजांडे आज उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये आहेत; त्यांतून मूल होईलच, अशी खोटी आशा न दाखवणाऱ्या डॉक्टरांचेही मी आभार मानते.