सायन्सच्या पालकांसाठी : रविवारी कागदपत्रांची तपासणी

पालकहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता होटगी रोडवरच्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांची कागदपत्रे तपासू. मूळ प्रती आणि झेरॉक्स आणा.

जात पडताळणीचा अर्ज बारावीतच कॉलेजमार्फत करा. निकालानंतर धावपळ होते आणि हक्काची जागा हातची जाते, फार वाईट वाटतं. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला आधी शोधा. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची, एससींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीची जातीची नोंद लागते. दाखला हरवला असेल तर गावच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा (प्रवेश नोंदवहीचा) उतारा सही-शिक्क्यासह घ्या.

- नॉन-क्रीमीलेयरसाठी (उत्पन्न मर्यादेत असल्याच्या प्रमाणपत्रासाठी) तहसीलचा तीन वर्षांचा उत्पन्न दाखला.
- दहावीची मार्कशीट आणि आधार, दोन्हींवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा.

अकरावीची पुस्तकं रद्दीत देऊ नका. सीईटीत (बारावीनंतरच्या इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेश परीक्षेत) २० टक्के प्रश्न त्यातलेच असतात.