आराखड्यातली माणसं बसत का नाहीत?

प्रिय मित्रा,

तुमच्या उपनगराच्या मुख्य रस्त्याचा तुझा आराखडा मिळून आठवडा झाला. टेबलावर पसरून ठेवलाय, येता-जाता बघतो. चित्र देखणं आहे, वादच नाही. पण एक गोष्ट खटकली, ती आधी सांगून टाकतो. चित्रातल्या रस्त्यावर मी ६३ माणसं मोजली आणि त्यांतलं एकही बसलेलं नाही. सगळी नुसती चालतायत. कुणाच्या हातात पिशवी नाही, कुणी म्हातारं नाही. झाडं मात्र पंचवीस वर्षांची वाटावीत इतकी डेरेदार! उद्घाटनाच्या दिवशी ती कमरेइतकी असतील. तोवर सावलीचं काय, याबद्दल नकाशात अक्षर नाही.

तू विचारलंयस, उपनगराचा मुख्य रस्ता पुन्हा जागता करायचा तर सुरुवात कुठून करायची? खोदकामापासून नको, एवढं नक्की. तुमच्या समितीने फरशी, दिवे, कमान असा विचार केलाय, पण रस्ता ओस का पडला हे कुणी विचारलेलंच दिसत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कॅनडातल्या टोरोंटो शहरात ब्लोर वेस्ट व्हिलेज नावाची बाजारपेठ आहे, तिची गोष्ट तुला सांगितली होती का? तिथल्या दुकानांसमोरून ट्राम जायची. १९६०च्या दशकात भुयारी रेल्वे आली आणि रोज खिडकीतून दुकानं न्याहाळत जाणारी माणसं जमिनीखालून जाऊ लागली. उरलेली नव्या मॉलने ओढली. म्हणजे रस्त्यात काही बिघडलं नव्हतं, माणसांची वाट बदलली होती. दुकानदारांनी वर्गणी काढून बघितली, पण वर्गणीचं नेहमीचं दुखणं तुला माहीतच आहे: देणारे थोडे, फायदा सगळ्यांना. म्हणून त्यांनी कायदाच करून घेतला, की त्या पट्ट्यातल्या प्रत्येक व्यावसायिकाने ठराविक रक्कम भरायचीच आणि ती त्याच रस्त्यावर खर्च व्हायची. १९७० साली हे सुरू झालं. त्या पैशातून बाकं आली, दिवे आले, झाडं लागली. आज जगभरच्या बाजारपेठांमध्ये ही पद्धत आहे. मला यातला पैशाचा भाग दुय्यम वाटतो. शेजारच्या दुकानाशी वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं एका टेबलाशी बसली, हे मोठं. तुमच्या समितीत किती गाळेधारक आहेत? पत्रात तरी एकाचाही उल्लेख नाही.

आता पार्किंग. त्यावरून बैठकीत खुर्च्या आपटल्या गेल्या असं लिहिलंयस, त्याचं मला नवल वाटलं नाही. पार्किंग गेलं की गिऱ्हाईक तुटेल, ही दुकानदाराची भीती खोटी नसते, पण त्याचा अंदाज बहुतेकदा चुकतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या ग्लॉस्टर रोडवर दुकानदारांना विचारलं, की तुमची किती गिऱ्हाइकं गाडीने येतात? ते म्हणाले ४१ टक्के. मोजली तेव्हा २२ निघाली. अर्ध्या मैलाच्या आत राहणारी किती? अंदाज १२ टक्के, प्रत्यक्षात ४२. माझा आपला तर्क असा, की गाडी दाराशी येऊन थांबते म्हणून लक्षात राहते. पायी येणारा गल्लीतून कधी आला आणि कधी गेला, कळतही नाही. तेव्हा वाद घालण्यापेक्षा मोजा. आणि मोजायला त्या दुकानदारांनाच बसवा, म्हणजे आकडा त्यांचा होईल.

गाड्या सरसकट बंद केल्या की झालं, असंही समजू नकोस. अमेरिकेतल्या कॅलामझू शहराने १९५९ साली आपल्या मुख्य रस्त्याचा तुकडा फक्त पादचाऱ्यांना दिला. त्यामागची योजना व्हिक्टर ग्रूएन या वास्तुविशारदाची. गंमत बघ, छताखालचा बंदिस्त मॉल अमेरिकेत रुजवला तो यानेच, आणि त्या मॉलमुळे कोमेजलेल्या पेठा सावरायलाही हाच! पुढे १९९८ मध्ये त्या तुकड्याचा काही भाग पुन्हा वाहनांना खुला करावा लागला. याउलट कोपनहेगनचा स्त्रॉयेट रस्ता १९६२ मध्ये गाड्यांना बंद झाला तो आजही गजबजलेला आहे. तिथेही दुकानदार आधी बिथरले होते. पण तिथे आजूबाजूला दाट वस्ती होती, आणि शहराने एका रस्त्यावर न थांबता वर्षानुवर्षं थोडं थोडं वाढवत नेलं. लोकांना सवय लागायला वेळ मिळाला. तुमच्याकडे संध्याकाळी सातनंतर वरच्या मजल्यांवर किती दिवे लागतात? अर्ध्याहून जास्त मजले नुसती गोदामं असतील, तर रस्ता बंद करून तुम्ही फक्त रुंद काळोख कराल. आधी वर माणसं राहायला आणा.

बसण्याबद्दल मात्र मी हट्टी आहे, कारण हात पोळलेत. काही वर्षांपूर्वी अशाच एका रस्त्याच्या कामात मी होतो. आम्ही दगडी बाकं बसवली होती, मधे लोखंडी कठडे घालून, म्हणजे कुणी आडवं होऊ नये. काम झाल्यावर एका दुपारी वही घेऊन बसलो. तीन तासांत बाकांवर चार माणसं बसली, तीही बुटाची नाडी बांधण्यापुरती. आणि समोरच्या बंद गाळ्याच्या पायरीवर? एक आजीबाई आल्या, पदराने पायरी झटकली, पिशवी दोन पायांच्या मधे ठेवून बसल्या. मग दुसऱ्या आल्या, त्यांच्यासाठी पहिल्या सरकल्या. शाळेतली तीन पोरं वरच्या पायरीवर बसली. मी उठून बाकावर हात ठेवला तर चटका बसला. बाकाचं तोंड वाहनांकडे, पाठ दुकानांकडे. पायरीला सावली होती, पाठीला आधार होता, आणि तिथून येणारं-जाणारं सगळं दिसत होतं. नकाशावर ती पायरी आम्ही 'अडथळा' म्हणून लाल रंगात दाखवली होती, बरं का.

न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट नावाच्या माणसाने १९७०च्या दशकात चौकांवर कॅमेरे लावून हेच बघितलं होतं. माणूस सुट्या खुर्चीजवळ येतो, ती दोन-चार इंच सरकवतो आणि मग बसतो. सरकवून फरक काहीच पडत नाही, पण जागा आपली होते. तिथल्या ब्रायंट पार्कमध्ये १९९२ साली अशाच सुट्या खुर्च्या ठेवल्या. 'चोरीला जातील' हा आक्षेप तुझ्याकडेही येईल. गेल्या तर चार जातील. तुमच्या एका सजावटी खांबाच्या खर्चात कितीतरी खुर्च्या येतील, हिशेब करून बघ.

बंद गाळ्यांचं सांगतो. मालक भाडं उतरवण्यापेक्षा गाळा रिकामा ठेवतो, तेव्हा आपण त्याला अडेलतट्टू म्हणतो. पण इमारतीची किंमत भाड्यावरून ठरते. त्याने एकदा कमी भाड्याचा कागद केला की कर्जापासून विक्रीपर्यंत सगळीकडे तो आडवा येतो. म्हणून त्याला भाडं उतरवायला सांगू नका, सहा महिन्यांच्या तात्पुरत्या करारावर गाळा मागा. मँचेस्टरजवळच्या ऑल्ट्रिंचममध्ये एकेकाळी जवळजवळ तीस टक्के गाळे बंद होते. तिथे २०१४ मध्ये जुनी बाजार-इमारत लांब सामायिक टेबलं टाकून नव्याने उघडली आणि आसपासची कुलुपं हळूहळू निघाली. जागा जुनीच होती, फक्त थांबायला कारण मिळालं.

फरशीबद्दल एकच प्रश्न. पुढच्या वर्षी केबलवाले खणतील, तेव्हा हाच दगड, याच रंगाचा, कोण आणून बसवणार? निविदेत देखभालीचं कलम मला सापडलं नाही. ते नसेल तर सगळा प्रकार नव्याचे नऊ दिवस.

समितीला लगेच 'नाही' म्हणू नकोस, दोन आठवडे मागून घे. तेवढ्यात आपण रस्त्यावर बसून मोजू: एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत. किती गेले, किती थांबले, कुठे टेकले. मी येतो. दुपारचे तीन तास माझे, कारण त्याच वेळी तू डुलक्या काढतोस हे मला ठाऊक आहे. वही मी आणीन. तू फक्त दोन घडीच्या खुर्च्या आण, आणि त्या कुठे मांडायच्या हे आत्ता ठरवू नकोस.

तुझा,
जुना भांडखोर मित्र